देवळाची मागची बाजू

औंढा नागनाथला आलेला पाहुणा आधी दर्शन घेतो. मग कोणीतरी त्याला देवळाच्या मागे नेऊन नंदी दाखवतो. शंकराच्या देवळात नंदी पुढे असायचा, इथे मागे कसा, असे पाहुण्याने विचारले की गोष्ट सुरू होते. नामदेव महाराज कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी हटकले, शिंप्याच्या पोराने इथे उभे राहू नये म्हणाले. नामदेव मुकाट्याने मागे गेले, तिथे गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी तेवढा होता तिथेच राहिला. ही गोष्ट मी लहानपणापासून पन्नास वेळा तरी ऐकली असेल. आम्ही नामदेव शिंपी. आमच्या घरात ती जरा जास्तच रंगवून सांगत, आणि शेवटी सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान असे. आपल्यासाठी देऊळ फिरले!

पुढे बरीच वर्षे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवले. राज्यघटनेचे 25 वे कलम दर वर्षी यायचे. सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, आपला धर्म उघडपणे मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा समान हक्क. मर्यादा सार्वजनिक सुव्यवस्थेची, नीतिमत्तेची आणि आरोग्याची. परीक्षेतला हमखास प्रश्न असल्यामुळे मुले पाठच करत. उदाहरणे मी लांबची द्यायचो, कधी युरोपातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट लढायांची, कधी जिझियाची. औंढ्याचे उदाहरण द्यावे असे एकदाही सुचले नाही. धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नाला दोन धर्म लागतात, एक दाबणारा आणि एक दबलेला, हे डोक्यात पक्के बसले होते. औंढ्याच्या गोष्टीत धर्म एकच आहे. उठवणारे आणि उठवला गेलेला एकाच देवाचे भक्त आहेत.

हे ध्यानात आले ते निवृत्तीनंतर, नरसीच्या फेऱ्या वाढल्यावर. नरसी हिंगोली तालुक्यातले, कयाधू नदीच्या काठचे गाव. नामदेवांचा जन्म 1270 सालचा मानतात. जन्मगाव नरसी की पंढरपूर, यावर अभ्यासकांत वाद आहे. आमच्या भागात तो कोणी काढत नाही. नरसीला गुरुद्वाराही आहे आणि नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले पंजाबी यात्रेकरू तिथे येतात. पंजाबातल्या गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान हे नामदेवांचे दुसरे गाव. 2015 साली तिथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा पुष्कळ मराठी वाचकांना या गावाचे नाव पहिल्यांदा कळले. गुरू अर्जुनदेवांनी 1604 मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात शेख फरीद, कबीर, रविदास यांच्या बरोबरीने नामदेवांची पदे घेतली. गुरू ग्रंथसाहिबात आज ती 61 आहेत.

नरसीला भेटलेल्या एका वृद्ध सरदारजींनी मला विचारले, तुमच्याकडे देऊळ फिरल्याची गोष्ट सांगतात का? मी म्हणालो, ते देऊळ इथून जवळच आहे. त्यांना ती गोष्ट ग्रंथातून ठाऊक होती, मला औंढ्यातून. महिपतीने 1762 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ती आहे, हे मी वाचलेले होते, ग्रंथसाहिबातले पद मात्र त्यांनी सांगितल्यावर शोधून वाचले. त्यात औंढ्याचे नाव नाही. हसतखेळत देवळात आलो, भक्ती करताना धरून उठवले, माझी जात हलकी, मग देवा मला या जन्माला घातलेस तरी कशाला, आणि मग कांबळे उचलून देवळामागे जाऊन बसलो, असा त्याचा आशय आहे. हिंदी पदे लिहिणारे नामदेव आणि आपले नामदेव एकच का, अशी शंका काही संशोधकांनी घेतली आहे. ती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. आमच्या घरी सांगतात ती गोष्ट विजयाची आहे आणि या पदात आधी रडू आहे.

त्याच रागात, भैरवात, आणखी एक लांबलचक पद आहे. सुलतान नामदेवांना बांधून आणतो आणि म्हणतो, तुझा देव खरा असेल तर ही मेलेली गाय उठव. नामदेवांची आई रडते, राम सोड, खुदाचे नाव घे, पण जीव वाचव, म्हणते. नामदेव आईलाही नाकारतात. गावचे लोक सुलतानाला त्यांच्या भारंभार सोने देऊ करतात. ते घेतले तर मी नरकात जाईन, असे सुलतान सांगतो. अन्याय करणाऱ्यालाही धर्माची भीती आहे, हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो.

एकाच माणसाला एकीकडे आपल्या देवळातल्या लोकांनी उठवले आणि दुसरीकडे राजसत्तेने बांधले. या दोन्ही गोष्टी ज्या मुलखात रुजल्या, त्या आमच्या मुलखाने विसाव्या शतकात दोन्ही प्रकार पुन्हा पाहिले, आणि एक तिसराही पाहिला.

आधी राजसत्तेचे. निजामाचे राज्य हे सरसकट देवळे पाडणारे राज्य होते, असे चित्र रंगवले जाते ते खरे नाही. कित्येक देवस्थानांना सरकारातून इनामे आणि नेमणुका चालू होत्या. त्रास होता तो परवानगीचा. धार्मिक बाबींसाठी ‘उमूर-ए-मजहबी’ नावाचे वेगळे खाते होते. प्रार्थनास्थळ बांधायचे वा दुरुस्त करायचे तर त्याच्याकडे जावे लागे. सभेसाठी ‘गश्ती निशाण 53’ हे कुप्रसिद्ध परिपत्रक होते. खाजगी शाळा आणि आखाडे यांनाही परवानगी लागे. आर्य समाजाने हवनकुंड, ओमचा झेंडा आणि धर्मप्रचार यांच्या मोकळिकीसाठी 1938 मध्ये सत्याग्रह पुकारला. त्या डिसेंबरात सोलापूरला लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले, आणि ऑगस्ट 1939 मध्ये, सरकारने सुधारणा जाहीर केल्यावर, सत्याग्रह थांबला. माझे आजोबा आर्य समाजी नव्हते, वारकरी होते. पण परवानगी मागायला जाणे म्हणजे काय, हे त्यांना नीट ठाऊक होते. नाही म्हणत नाहीत, पण हो कधी म्हणतील ते कळत नाही, असे ते सांगत. जगात आजही पुष्कळ सरकारे धर्मावर बंदी घालत नाहीत. ती नोंदणीची अट घालतात, आणि मग नोंदणी रद्द करतात. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेवर तिला अतिरेकी ठरवून बंदी घातली, तेव्हा त्यांची घरगुती प्रार्थनासुद्धा गुन्ह्याच्या कक्षेत आली. त्याच पंथाची तीन मुले केरळातल्या एका शाळेतून काढली गेली होती. राष्ट्रगीताला ती उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. हा निकाल मी वर्गात सांगायचो तेव्हा मुले हटकून माझ्याशी भांडायची. चांगले भांडण व्हायचे ते.

आता तिसरा प्रकार. त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे.

13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. 17 सप्टेंबर आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, आणि तो पाळायलाच हवा. कासिम रझवीच्या रझाकारांनी आधीचे वर्षभर केलेली लुटालूट, जाळपोळ, खून यांच्या आठवणी आमच्या भागात घरोघर आहेत. आमचे कुटुंब त्या काळात सरहद्द ओलांडून विदर्भात, उमरखेडला, काही महिने राहिले होते. आजी ते दिवस सांगायची. सप्टेंबरनंतरचे दिवस मात्र तिने कधी सांगितले नाहीत.

त्या दिवसांत मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी पाठवलेले शिष्टमंडळ 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात संस्थानात फिरले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री असे तिघे होते. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनमध्ये आणि तिच्यानंतर किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त होरपळलेले चार जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घेतली. नांदेड म्हणजे आमच्या वसमतकरांचा बाजार. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. त्यातले काही भाग इकडेतिकडे छापले गेले; पूर्ण अहवाल दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहायला मिळू लागला तो 2013 च्या सुमारास.

त्याच डिसेंबर महिन्यात आणखी दोन ठिकाणी काय चालले होते, ते मी एकदा तारखा मांडून पाहिले. दिल्लीत घटना समितीत 3 आणि 6 डिसेंबरला मसुद्याच्या 19 व्या कलमावर चर्चा झाली. तेच पुढे 25 वे कलम झाले. तजमुल हुसेन म्हणाले, धर्म खाजगीत पाळावा, कपड्यांवर वा नावात त्याची खूणही नसावी. लोकनाथ मिश्र यांचा ‘प्रसार’ या शब्दालाच विरोध होता. समितीने दोघांचेही ऐकले नाही. 10 डिसेंबरला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या 18 व्या कलमात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्यही स्पष्ट लिहिले आहे, आणि त्यावर आक्षेप घेऊन सौदी अरेबिया तटस्थ राहिला. मुंबईच्या हंसा मेहता आपल्या घटना समितीच्याही सदस्य होत्या आणि हा जाहीरनामा तयार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्याही. पॅरिस, दिल्ली आणि नांदेड, तिन्हीकडे एकाच महिन्यात एकाच प्रश्नाचे काम चालले होते. पहिल्या दोन ठिकाणचे कागद आपण शाळेत शिकवतो.

सुंदरलाल अहवालात एक उल्लेख आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्लेखोरांपासून वाचवले, आणि त्यापायी स्वतः जीवही गमावले. एका धंद्यातली माणसे धंद्यासाठी धर्माच्या आड आली. ते वाचले आणि मला घरातली शिलाई मशीन आठवली.

ती सिंगरची जुनी हातमशीन आहे. वसमतजवळच्या एका बाजारगावात आजोबा दुकानाच्या ओसरीवर शिवणकाम करत. शेजारीच एक मुसलमान टेलर बसे. दोघांचे गिऱ्हाईक एकच, लग्नसराईत कामही वाटून घेत. सप्टेंबर 1948 मध्ये तो कुटुंबासह निघून गेला आणि त्याची मशीन आमच्याकडे राहिली. आजोबा म्हणत, सांभाळायला दिली. वडील म्हणत, आजोबांनी पैसे मोजून घेतली. थोरली आत्या तेव्हा बारा वर्षांची होती; शेवटच्या आजारपणात ती मला म्हणाली, कोणी दिली नाही रे, दुकान उघडं पडलं होतं, लोकं उचलून नेत होती, बाबांनी मशीन आणली. वाचवली म्हणायचे की नेली म्हणायचे, हे तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही. त्या माणसाचे नाव घरात सगळ्यांना माहीत होते, पण तो गेला कुठे, पोचला का, याची चौकशी आमच्यापैकी कोणी केल्याचे मला आठवत नाही.

कायदा या तिसऱ्या प्रकाराचे फारसे काही करू शकत नाही, असे शिकवताना मी म्हणायचो. आता तसे म्हणणार नाही. खून, लूट यांवर कायदा आहेच. फक्त तो वापरायचा तर आधी घडले ते घडले असे म्हणावे लागते. अहवाल कपाटात ठेवला की कायदाही कपाटात राहतो.

पहिल्या प्रकारात, म्हणजे आपल्याच लोकांनी उठवण्याच्या प्रकारात, कायद्याची खरी तारांबळ उडते. कारण घटनेने दोन हक्क दिले आहेत. 25 वे कलम व्यक्तीला हक्क देते, 26 वे पंथाला धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण करण्याचा. औंढ्यात उभे राहून हे वाचले तर नामदेव 25 व्या कलमावर बोट ठेवतील आणि पुजारी 26 व्या. अगदी असाच खटला कर्नाटकातल्या मुलकी गावच्या गौड सारस्वतांच्या देवळाचा झाला. देऊळ आमच्या ज्ञातीचे, इतरांना प्रवेशाची सक्ती नको, असे विश्वस्तांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये सांगितले की सार्वजनिक हिंदू देवळे सर्व थरांतल्या हिंदूंना खुली करण्याचा शासनाचा अधिकार, 25 व्या कलमातच लिहिलेला, वरचढ ठरेल. काही ठरावीक विधी मात्र ज्ञातीने आपल्यापुरते ठेवावेत. म्हणजे नामदेवांना समोर उभे राहता येईल, काही वेळ सोडून.

पाच वर्षांनी तेच न्यायालय उलट दिशेला गेले. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला होता, कोणत्याही जमातीने आपल्या माणसाला वाळीत टाकू नये म्हणून. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. 1962 मध्ये न्यायालयाने बहुमताने कायदा रद्द केला. पंथातून काढण्याचा अधिकार हा पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, असे म्हटले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. वाळीत पडलेल्या माणसाला मशीद, दफनभूमी, सोयरीक, सगळेच बंद होते, याकडे त्यांनी बोट दाखवले. मला विचाराल तर सिन्हांचे बरोबर होते. पंथाला स्वातंत्र्य हवे, पण मेलेल्याला पुरायला जागा नाकारण्याचे नको. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो 2017 पासून लागू आहे. कोकणातल्या गावकीपासून जातपंचायतींपर्यंतची प्रकरणे त्यामागे होती. बोहरांचा जुना प्रश्न फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींनी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला.

ज्याला उठवले जाते त्याच्यापुढे आणखीही एक वाट असते. नामदेव मागे जाऊन गायले. पण नामदेवांना निदान पंढरपूरचे देऊळ खुले होते, चोखोबांना तेही नव्हते. त्यांची समाधी नामदेव पायरीसमोर, बाहेर आहे. पंढरपूरचे दार उघडायला 1947 साल आणि साने गुरुजींचे दहा दिवसांचे उपोषण लागले. त्याआधी 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांनी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू केला. काही वर्षे तो चालला, दार उघडले नाही, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी सांगितले की हिंदू म्हणून मरणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ते बौद्ध झाले. पॅरिसच्या जाहीरनाम्यातला धर्म बदलण्याचा हक्क हा मिशनऱ्यांच्या सोयीचा हक्क आहे, असे आपल्याकडे म्हणण्याची पद्धत आहे. आमच्या जिल्ह्यात गावोगाव बौद्ध वस्त्या आहेत. तिथल्या माझ्या विद्यार्थ्यांना तो हक्क कोणाच्या सोयीचा, हे समजावून सांगावे लागत नसे. बाहेर पडायला दार असले की आत ठेवणाऱ्यांनाही थोडे नीट वागावे लागते.

ते दार बंद असले तर काय होते, याचे उदाहरण शेजारी आहे. 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांत धर्म बदलण्याच्या हक्काच्या बाजूने मुसलमान देशांतून ठामपणे बोलले ते पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान. ते अहमदिया पंथाचे. 1974 मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. 1984 च्या वटहुकुमाने त्यांना आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणायला आणि अजान द्यायला मनाई केली. वर्षभराने, 1985 मध्ये, जफरुल्ला खान लाहोरला वारले. इथे पुजारी आणि सुलतान एक झाले, आणि शेजाऱ्यांना मोकळे रान मिळाले.

संयुक्त राष्ट्रांनी 1962 मध्ये वंशभेद आणि धार्मिक असहिष्णुता या दोन्हींवर बंधनकारक करार करायचे ठरवले होते. वंशभेदाचा करार 1965 मध्ये झाला. धर्माच्या बाबतीत 1981 मध्ये नुसता जाहीरनामा निघाला आणि करार आजतागायत झालेला नाही. कारण समजण्यासारखे आहे. दुसऱ्याच्या देशातले पुजारी, सुलतान आणि शेजारी प्रत्येकाला दिसतात. घरातली मशीन कोणी मांडत नाही.

मागच्या वर्षी खंडेनवमीला मी पत्नीला म्हणालो, या मशीनचा मालक आपण नाही. ती म्हणाली, मग पूजा करू नको का? मी काही बोललो नाही. तिने नेहमीसारखे हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले. मशीन अजून चालते. चाकाच्या आतल्या बाजूला, रंग उडालेल्या जागी, उर्दूत एक नाव कोरलेले आहे. लहानपणी मला ती नक्षी वाटायची. या उन्हाळ्यात वसमतच्या एका ओळखीच्या शिक्षकांकडून ते वाचून घेतले. आडनावही आहे त्यात, आणि गावाचे नावही.